चित्र दिसत नाही, नुसता आवाज येतो!

दोन वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही एका तालुक्याच्या गावी गेलो होतो. शाळा माध्यमिक, प्रयोगशाळा नेटकी; संगणक मात्र एकच, तोही कार्यालयातला. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी एका बाईंनी स्वतःच्या फोनवर घेतलेली चित्रफीत दाखवायची ठरवली होती. शाळेमागच्या डबक्यातून आणलेल्या बेडकाच्या अंड्यांमधून बेडूकमासे बाहेर पडताना त्यांनी टिपले होते. फाईल संगणकावर घेतली, सुरू केली. बाईंचा आवाज ऐकू येऊ लागला, मागे पावसाचा आवाजही येत होता, पण पडदा काळाच्या काळा! खाली एक ओळ उमटली : ही फाईल दाखवण्यासाठी लागणारा कोडेक या संगणकावर नाही.

एका उत्साही सरांनी लगेच इंटरनेटवर शोध घेतला. पहिल्याच ठिकाणी ठळक हिरवे बटण होते, ‘सर्व कोडेक एकत्र, मोफत’. सरांनी ते दाबले. मग ‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य’, ‘पुढे’. पाच मिनिटांत चित्र दिसू लागले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही तिथेच उभे होतो, आम्हीही वाजवल्या.

आठवड्याभराने मुख्याध्यापकांचा फोन आला. संगणक बैलगाडीसारखा चालत होता, काही उघडावे तर आधी जाहिराती उघडत होत्या आणि आपोआप नव्या आज्ञावल्या येऊन बसत होत्या. शेवटी यंत्र पूर्ण पुसून पुन्हा भरावे लागले. त्यात दोन तुकड्यांच्या गुणांच्या याद्या गेल्या, त्या कागदी नोंदींवरून रात्री जागून पुन्हा कराव्या लागल्या. याच संगणकावरून कार्यालयाचे पगाराचे काम चालत असल्याने सगळे परवलीचे शब्दही बदलावे लागले, ते वेगळेच.

हिरव्या बटणामागे नेमके काय होते, हे समजून घ्यायचे तर आधी कोडेक म्हणजे काय ते पाहायला हवे.

हजेरीपटाची युक्ती

चित्रफीत म्हणजे एकामागून एक भराभर दाखवलेली स्थिर चित्रे. आजच्या साध्या फोनवरचे एक चित्र १९२० आडव्या आणि १०८० उभ्या ठिपक्यांचे असते, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा व निळा या तीन रंगांची मात्रा लिहायची तर तीन बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर गुणाकार मुलांकडूनच करून घ्यावा : सेकंदाला १५ कोटी ५५ लाख २० हजार बाइट, म्हणजे सुमारे १५५ मेगाबाइट. ७०० मेगाबाइटच्या सीडीवर साडेचार सेकंदांची चित्रफीत मावेल! दहा मिनिटांच्या चित्रफितीला ९३ गिगाबाइट जागा लागेल. प्रत्यक्षात फोनवरून पाठवलेली तशीच चित्रफीत काही शे मेगाबाइटची असते. सेकंदाला ५० लाख बिट हा नेहमीचा दर धरला, तर दहा मिनिटांना ३७५ मेगाबाइट पुरतात. सुमारे अडीचशे भागांपैकी एकच भाग उरला, बाकीचे गेले कुठे?

याचे उत्तर आपल्या हजेरीपटात आहे. साठ मुलांच्या वर्गात रोज साठ जणांची नावे लिहून ‘हजर, हजर’ असे कोणी कळवत नाही. वर्षाच्या सुरुवातीला संपूर्ण यादी एकदा तयार होते. मग रोज कार्यालयाला ‘गैरहजर : ३, १७, ४१’ एवढेच सांगितले की पुरते. चित्रफितीतही तसेच करतात. फळ्यासमोर उभे राहून शिकवणाऱ्या शिक्षकांच्या चित्रफितीत फळा, भिंत, खिडकी जागच्या जागी असतात, फक्त हात आणि चेहरा हलतो. म्हणून अधूनमधून एक चित्र संपूर्ण साठवायचे आणि त्यानंतरच्या चित्रांबद्दल फक्त बदल लिहायचा : ‘या चौकटीतला भाग चार ठिपके उजवीकडे सरकला.’

दुसरी युक्ती डोळ्याच्या स्वभावाची. उजेड-अंधारातला बारीक फरक आपला डोळा चटकन ओळखतो, रंगातला तितका ओळखत नाही. म्हणून चार ठिपक्यांना मिळून एकच रंग दिला तरी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एवढ्यानेच माहिती निम्मी होते.

तिसरी युक्ती गणिताची, आणि तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन पाडायचे. चौकोनातले ६४ आकडे जसेच्या तसे न लिहिता ते निरनिराळ्या लयीच्या लाटा मिसळून बनले आहेत असे मानायचे आणि कोणती लाट किती प्रमाणात आहे ते लिहायचे. भिंतीच्या किंवा आकाशाच्या तुकड्यात संथ लाटा तेवढ्या मोठ्या निघतात. घाईच्या, बारीक लाटा जवळजवळ शून्य. त्या सोडून दिल्या तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. ही पद्धत बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांना अमेरिकेत काम करताना सुचली. १९७२ मध्ये त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे संशोधनासाठी पैसे मागितले होते, ते मिळाले नाहीत. कल्पना फारच साधी आहे असे एका परीक्षकाला वाटले, असे अहमद यांनी पुढे लिहून ठेवले आहे. तरीही नटराजन आणि राव या दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९७४ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज आपल्या फोनमधले छायाचित्र असो की चित्रफीत, या ‘फारच साध्या’ कल्पनेचा कोणता ना कोणता अवतार त्यात असतोच. प्रकल्प नामंजूर झाल्याची पत्रे आमच्याही कपाटात आहेत, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला विशेष आवडते.

आता मूळ मुद्दा. ‘गैरहजर : ३, १७, ४१’ ही चिठ्ठी रस्त्यात पडलेली कोणाला सापडली, तर त्याला काय कळेल? काहीच नाही. ती वाचायला वर्गाची यादी हवी आणि ‘फक्त गैरहजरांचे क्रमांक लिहायचे’ हा संकेत माहीत हवा. चित्रफितीचेही तसेच. ती ज्या संकेताने आवळली, त्याच संकेताने उलगडावी लागते. आवळणारी व उलगडणारी आज्ञावली म्हणजे कोडेक. ‘कोडर’ आणि ‘डिकोडर’ या दोन शब्दांची पहिली अक्षरे जोडून हे नाव झाले.

असे संकेत अनेक आहेत. २००३ मध्ये आलेला एच. २६४ हा सर्वांत जास्त रुळलेला. त्याहून जास्त आवळणारा एच. २६५ हा २०१३ मधला. २०१७ नंतर बऱ्याच फोनचे कॅमेरे तो वापरू लागले. त्यावर पेटंटे आहेत, वापरणाऱ्या कंपन्यांना शुल्क भरावे लागते, म्हणून तो उलगडणारी आज्ञावली प्रत्येक संगणकात आधीपासून नसते. एव्ही-१ हा २०१८ मधला संकेत मुद्दाम शुल्कमुक्त ठेवलेला आहे. शिवाय आवाजाचा संकेत चित्राहून वेगळा असतो. एमपी-४, एव्हीआय, एमकेव्ही ही ज्यांची नावे आपण फाईलच्या शेपटीला पाहतो ते संकेत नव्हेत, ते नुसते डबे. एकाच डब्यात एका कप्प्यात चित्र आणि दुसऱ्यात आवाज. शिबिरात आवाजाचा कप्पा उलगडला, चित्राचा उलगडला नाही. फाईल बिघडलेली नव्हती आणि संगणकही बिघडलेला नव्हता.

चोराला हा वेष का आवडला?

चित्रफीत ही माहिती आहे. ती स्वतःहून काही करत नाही. कोडेक मात्र आज्ञावली आहे, आणि आज्ञावली यंत्राला काहीही करायला सांगू शकते. पाककृतीचे पुस्तक फळीवर पडून असते, पण आचारी घरात घेतला की त्याला सगळ्या खोल्या मोकळ्या. त्यात कोडेक बसवताना संगणक बहुधा मालकाच्या अधिकाराची परवानगी मागतो आणि ती देणे वाजवीही वाटते. भरीला हे नाव लोकांना अनोळखी. ‘अमुक कोडेक नाही’ म्हटल्यावर तो खरेच लागतो की नाही हे तपासण्याचे साधन सामान्य माणसाजवळ नसते, आणि चित्र पाहण्याची उत्सुकता तर असतेच.

२००५ च्या अखेरीस ‘झ्लॉब’ नावाची घातक आज्ञावली दिसू लागली, ती याच वेषात. एखादी चित्रफीत पाहायला जावे, तर ‘यासाठी नवा कोडेक घ्या’ अशी पाटी येई. चित्रफीत तिथे नसेच. याच जातीच्या आज्ञावल्यांमधून ‘डीएनएस चेंजर’ पसरला. त्याचे काम कल्पक होते. आपण एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहितो तेव्हा संगणक एका निर्देशिकेला विचारून त्याचा आकडी पत्ता मिळवतो. या आज्ञावलीने संगणकाला चोरांचीच निर्देशिका वापरायला लावले. तुम्ही बरोबर नाव लिहा, पत्ता ते देतील तो! नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने या टोळीवरील कारवाई जाहीर केली आणि एस्टोनियातल्या सहा जणांना अटक झाली. तोवर शंभराहून अधिक देशांतले सुमारे ४० लाख संगणक बाधित झाले होते आणि टोळीने जाहिरातींतून निदान १ कोटी ४० लाख डॉलर मिळवले होते. गंमत पाहा, चोरांची निर्देशिका एकदम बंद केली असती तर हे सगळे संगणक पत्त्यांविना अडकले असते. म्हणून न्यायालयाच्या आदेशाने तिच्या जागी ९ जुलै २०१२ पर्यंत चांगली निर्देशिका चालवावी लागली.

आमच्या शिबिरात घडले ते इतके नाट्यमय नव्हते. तिथे कोडेक खरा होता, चित्र दिसले. पण गठ्ठ्यात इतरही वस्तू बांधलेल्या होत्या. मोफत आज्ञावलीबरोबर दुसऱ्याची आज्ञावली बसवून दिली की वाटणाऱ्याला दर बसवणीमागे पैसे मिळतात, असा हा धंदा आहे. ‘पुढे, पुढे’ दाबताना बारीक अक्षरांपुढच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली असते. आपण ती पुसली नाही म्हणजे आपली संमती. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणायचे ते वकील ठरवोत, आम्ही याला लबाडी म्हणतो.

नावाजलेल्या ठिकाणांचाही यात पाय घसरलेला आहे. मुक्त आज्ञावल्यांचे भांडार म्हणून प्रसिद्ध असलेल्या सोर्सफोर्जने २०१३ मध्ये अशी जोड देण्याची योजना सुरू केली. जिम्प या चित्रे काढण्याच्या आज्ञावलीच्या लोकांनी तिथून बस्तान हलवले, तरी २०१५ मध्ये त्यांच्या नावाचे गठ्ठे तिथून वाटले गेल्यावरून मोठा गदारोळ झाला. २०१६ मध्ये मालक बदलल्यावर ती योजना बंद झाली.

यापुढची गोष्ट मात्र आमच्यासारख्या स्वतःला सावध समजणाऱ्यांची झोप उडवणारी आहे. हँडब्रेक ही चित्रफिती एका संकेतातून दुसऱ्यात नेणारी मोफत आणि चांगली आज्ञावली. २ ते ६ मे २०१७ या काळात तिच्या अधिकृत वाटपाच्या दोन संगणकांपैकी एकावर कोणी तरी घुसून मॅक संगणकांसाठीची फाईल बदलली. योग्य संकेतस्थळावर जाऊन योग्य बटण दाबणाऱ्यालाही खोटी प्रत मिळण्याची शक्यता निम्मी होती. ती सुरू केली की संगणकाचा परवलीचा शब्द मागे, आणि कारण काय सांगे? ‘आणखी कोडेक बसवायचे आहेत.’ खऱ्या हँडब्रेकमध्ये कोडेक आधीच असतात, त्याला असे काही मागावेच लागत नाही.

मग शाळेने काय करावे?

पहिला उपाय असा की काहीच बसवू नये. हे आम्ही चेष्टेने म्हणत नाही. बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यात चित्रफितीचा संकेत निवडण्याची सोय असते. ‘जास्त कार्यक्षम’ ऐवजी ‘जास्त ठिकाणी चालणारा’ अशा अर्थाचा पर्याय निवडला की एच. २६४ मध्ये नोंद होते. फाईल मोठी होते खरी, पण विंडोज ७ पासूनचा बहुतेक कोणताही संगणक ती जसाच्या तसा दाखवतो.

तेवढ्याने भागले नाही तर सुटे कोडेक शोधत बसण्यापेक्षा ज्याच्या पोटातच ते सगळे आहेत असा एक दर्शक बसवावा. व्हीएलसी हे त्याचे ठळक उदाहरण. पॅरिसजवळच्या एकोल सेंट्रल या अभियांत्रिकी संस्थेत १९९६ मध्ये विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून याची सुरुवात झाली आणि २००१ मध्ये तो सर्वांसाठी मुक्त झाला. त्याचे चिन्ह रस्त्यावर ठेवतात तो नारिंगी शंकू आहे. विद्यार्थ्यांनी असे शंकू गोळा करून आणले होते म्हणे! मूळ आज्ञावली सर्वांना पाहायला खुली आहे, जाहिराती नाहीत, आणि बाहेरचा कोडेक बहुधा कधीच लागत नाही. म्हणून एक ढोबळ नियम करता येतो : व्हीएलसी असलेल्या संगणकावर कोणी ‘कोडेक घ्या’ म्हणाले, तर आधी म्हणणाऱ्यावरच संशय घ्यावा.

पण तो घ्यायचा कुठून? व्हिडिओलॅन या त्याच्या मूळ संस्थेच्या संकेतस्थळावरून. शोधयंत्राने वर दाखवलेले पहिले नाव अनेकदा जाहिरात असते. नामांकित आज्ञावल्यांच्या नावाने खोट्या जाहिराती देऊन लोकांना फसवले जाते, असा इशारा एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये दिला होता. आपल्याकडे तर त्या वर्षी आणखी एक अडचण होती. फेब्रुवारीपासून व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ भारतात उघडेनासे झाले होते. संस्थेने ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस दिली, नोव्हेंबरमध्ये अडसर निघाला. मूळ दुकान बंद दिसले की माणूस शेजारच्या टपरीवर जातो. त्या महिन्यांत कितीकांनी व्हीएलसी कुठून कुठून घेतला असेल, याचा विचार केला की त्या अडथळ्याने सुरक्षितता वाढली असे आम्हाला तरी वाटत नाही.

फाईल उतरवून घेतल्यावर दोन तपासण्या कराव्यात. विंडोजमध्ये त्या फाईलवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये गेले की ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हे पान दिसते. तिथे प्रकाशक म्हणून व्हिडिओलॅनचे नाव असायला हवे. ते पानच नसेल, किंवा भलतेच नाव असेल, तर फाईल पुसून टाकावी.

दुसरी तपासणी आकड्यांची, आणि ती गणिताच्या शिक्षकांना आवडेल. एखाद्या मोठ्या संख्येतल्या अंकांची बेरीज करून नऊने भाग दिला तर एक छोटी बाकी मिळते, आणि गुणाकाराचा ताळा पाहायला आपण ती वापरतो. पण अंकांची अदलाबदल झाली तर हा ताळा फसतो. शा-२५६ हा त्याचा फार कडक भाऊ. कितीही मोठी फाईल द्या, तो ६४ चिन्हांचा ताळा देतो. फाईलमधला एकच बिट बदलला तरी ताळा पूर्ण बदलतो, आणि ठरवून तोच ताळा येईल अशी दुसरी फाईल बनवण्याची रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. आज्ञावली देणारी चांगली संस्था हा ताळा जाहीर करते. विंडोजमध्ये तो काढणारे ‘सर्टयूटिल’ नावाचे साधन आधीपासूनच असते. हँडब्रेकची खोटी प्रत याच तपासणीत सापडली असती, कारण तिचा ताळा वेगळा होता. एक पथ्य मात्र पाळावे : फाईल आणि ताळा दोन्ही एकाच ठिकाणाहून घेतले आणि चोर तिथेच घुसलेला असेल, तर तो ताळाही बदलून ठेवील. शक्य तर ताळा दुसरीकडून मिळवावा.

हे सगळे करूनही आज्ञावली जुनी ठेवून चालत नाही. चित्रफीत स्वतःहून काही करत नाही, असे आम्ही वर म्हटले ते पूर्ण खरे नाही. उलगडणाऱ्या आज्ञावलीतच चूक असेल, तर मुद्दाम वेडीवाकडी बनवलेली फाईल तिला गोंधळात टाकून आपले काम करून घेते. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइड फोनमधल्या ‘स्टेजफ्राइट’ या उलगडणाऱ्या भागात अशा चुका सापडल्याचे जाहीर झाले. संदेशातून नुसती चित्रफीत येऊन पडणे पुरेसे होते, ती उघडण्याचीही गरज नव्हती. म्हणून दर्शकाची नवी आवृत्ती आली की मूळ ठिकाणाहून घ्यावी.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सांगतो. फाईलच्या नावामागची शेपटी विंडोज सहसा लपवते, त्यामुळे ‘सिनेमा डॉट एमपी-४ डॉट ईएक्सई’ ही आज्ञावली चित्रफीत असल्यासारखी दिसते. पण नाव बदलले तरी पोट बदलत नाही. काही सेकंदांची छोटी चित्रफीत घ्यावी आणि ती नोटपॅडमध्ये उघडावी. (मोठी घेऊ नये, संगणक रुसून बसतो. काहीही न बदलता, न साठवता बंद करावी.) पडद्यावर अगम्य चिन्हांचा कचरा दिसेल. एमपी-४ चा डबा असेल तर अगदी सुरुवातीला, पाचव्या ते आठव्या जागी, एफ-टी-वाय-पी ही रोमन अक्षरे सापडतील. एव्हीआय असेल तर पहिली चार अक्षरे आर-आय-एफ-एफ. आता विंडोजची कोणतीही छोटी आज्ञावली तशीच उघडावी. तिची पहिली दोन अक्षरे नेहमी एम-झेड असतात. ही पद्धत ठरवणाऱ्या मार्क झ्बिकोवस्की या अभियंत्याच्या नावाची ती आद्याक्षरे. मुलांना चार-पाच फायली शेपट्या बदलून द्याव्यात आणि यात आज्ञावली कोणती ते ओळखायला सांगावे. नववीची मुले हे दहा मिनिटांत करतात, असा आमचा अनुभव आहे.

त्या शाळेत आम्ही यंदा पुन्हा गेलो होतो. बाईंनी कॅमेऱ्याचा संकेत बदलून घेतला आहे, आणि या पावसाळ्यात बेडूकमाशांना मागचे पाय फुटतानाची चित्रफीत कार्यालयातल्या त्याच संगणकावर, नवे काहीही न बसवता, आम्ही सर्वांनी मिळून पाहिली. पुढचे पाय बाईंना अजून टिपता आलेले नाहीत.